पेल्यातले धागे

"बघा भाऊजी, पोटात यीस्ट वाढलंय, म्हणूनच दोन जिने चढवत नाहीत," असे म्हणत वहिनींनी आज गिरगावच्या घरी काचेचा पेला पुढे केला. सकाळी पाण्यात टाकलेल्या लाळेचे पांढुरके धागे त्यात तळाकडे लोंबत होते; हीच त्यांच्या मते यीस्टची खूण. पाव, इडली, फळे, सारे त्यांनी बंद केले आहे.

लाळेत श्लेष्मा असतोच, त्यामुळे असे धागे कुणाच्याही पेल्यात दिसतील. कॅन्डिडा ही बुरशी, म्हणजे वहिनी म्हणतात ते यीस्ट, निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही राहते. यीस्टमुळेच आजारी असल्याचे मानल्या गेलेल्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निस्टॅटिन हे बुरशीनाशक अशा सर्वांगीण तक्रारींवर औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही.

पण त्यांचे पुढचे वाक्य मला फार लागले: "रिपोर्ट नॉर्मल आले, की मला काही झालेलंच नाही म्हणतात." थकवा खराच आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व कुणी तपासलेले नाही. सहा महिन्यांहून अधिक टिकणारा आणि थोड्याशा श्रमानेही बळावणारा थकवा हा स्वतंत्र आजार असू शकतो, हेही कुणी सांगितलेले नाही.

गिरगाव-दादरकडे नीट विचारपूस करणारे फिजिशियन कुणाच्या माहितीत आहेत का?