खाटल्यावरी

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, हे मला त्या तीन महिन्यांत निदान चाळीस जणांनी ऐकवलं. भेटायला आलेला माणूस खुर्चीवर टेकला की आधी ‘आता कसं वाटतंय?’, मग चहा, मग हत्ती आणि मुंगी. यातल्या कुणीही मुंगीला नीट चालताना पाहिलेलं नसावं. मी पाहिलंय. माझ्या पलंगालगतच्या भिंतीवरून काळ्या मुंग्यांची वाट जायची. लेकाकडून तिथे पेन्सिलीच्या दोन खुणा करून घेतल्या, बरोबर एक फुटावर. समोर भिंतीवरचं घड्याळ होतंच. मोकळी मुंगी ते अंतर दहा-बारा सेकंदांत कापायची. तोंडात राजगिऱ्याच्या लाडवाचा कण असला तरी पंधराच्या वर नाही. त्या वेगानं दुखणं गेलं असतं तर गणपतीत मोदक वळायला मी ओट्याशी उभी असते.

दुखणं म्हणजे मणक्याचा टीबी. जुलैपर्यंत आम्ही त्याला पाठदुखीच म्हणत होतो. बाम झाले, शेक झाले, कुणाकुणाचे तेलाचे उपाय झाले. मग एमआरआय. डॉक्टर म्हणाले, गोळ्या वर्षभर किंवा त्याहून जास्त, आणि पहिले तीन महिने पाठ टेकून पडून राहायचं. कूस बदलायची तीही ओंडका लोळवावा तशी, अख्खी एकदम. गोळ्यांनी लघवी केशरी होते हे सांगायला मात्र सगळे विसरले, त्यामुळे पहिली सकाळ रडण्यात गेली. हा टीबी खोकल्यातून पसरत नाही हे आमच्या सांगलीच्या गल्लीला पटवायचं काम सासूबाईंनी अंगावर घेतलं आणि ते फार सोपं करून टाकलं. ‘संधिवातासारखंच आहे काहीतरी’, असं सांगून मोकळ्या झाल्या.

उताण्या माणसाला छत मिळतं, पंखा मिळतो आणि खिडकीचा वरचा अर्धा भाग मिळतो. छतावर एक पाल होती. ट्यूबलाइट लागली की ती ड्यूटीवर हजर व्हायची. पण पालीशी माझं काही जमलं नाही. नेमकी माझ्या तोंडाच्या वर येऊन थांबायची, आणि मला चटकन उठून बाजूला होता येत नव्हतं.

भाद्रपद लागला तेव्हा खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात कुंभारीण आली. काळं-पिवळं अंग, आणि कंबर इतकी बारीक की पुढचा आणि मागचा भाग दोऱ्यानं बांधल्यासारखा. तोंडात ओल्या मातीची गोळी. अंगणातल्या नळाखाली कायम चिखल असतो, तिथूनच आणत असणार. गावभर त्या दिवसांत मातीचीच कामं चालली होती, हिचंही त्यातच. गोळी चौकटीला लावली की ती ‘झीं’ असा बारीक आवाज काढायची आणि माती सरसर पसरायची. आवाज कसला ते कळायला मला दोन दिवस लागले. शेजारी स्लॅब पडत होता, तिथे कामगार काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर घालत होते. तीच युक्ती! अंग थरथरवून ती माती सैल करते आणि हवी तशी बसवते.

एका खोलीला मी मोजल्या त्या सत्तावीस फेऱ्या. मध्ये एकदा डुलकी लागली होती, त्यामुळे तीसही असतील.

सासूबाई केरसुणी घेऊन आल्या तेव्हा मी ओरडलेच. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, केरसुणी खाली केली आणि म्हणाल्या, ‘राहू दे बाई. कुंभारणीनं घर केलं की घरात पाळणा हलतो.’ मग माझ्याकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षं वय, कमरेला पट्टा, उशाला गोळ्यांचा डबा. आम्ही दोघीही हसलो. हसल्यावर पाठीत कळ आली, पण जुलैनंतर मी हसले ती पहिल्यांदा.

लहानपणी देवळातल्या कीर्तनात हीच माशी ऐकली होती. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले २४ गुरू सांगतो, त्यात ही शेवटची. बुवा सांगायचे, कुंभारीण अळीला आणून घरात कोंडते, अळी भीतीनं तिचंच ध्यान करत राहते, आणि ध्यान करता करता तीच कुंभारीण होऊन बाहेर पडते. कीटक-भृंग न्याय. आम्ही पोरं तोंडाचा आ करून ऐकायचो. माझ्या कोपऱ्यात मात्र अळी आलीच नाही. खोली पुरी झाल्यावर बाईसाहेब कोळी आणू लागल्या. लोंबणारे पाय घेऊन एक कोळी आत, मग दुसरा, मग तिसरा. दिवस मावळायच्या आत तोंड मातीनं बंद. लेकानं मोबाईलवर वाचून दाखवलं. ती कोळ्याला डंख मारते, पण ठार करत नाही, नुसता लुळा करून टाकते. त्याच्यावर अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी तो ताजा शिधा खात वाढते, कोश विणते आणि माती पोखरून बाहेर येते. ज्याला कोंडलं तो वेगळा आणि जी बाहेर आली ती वेगळी. मधलं जेवण आतमध्ये झालं, ते बाहेरच्यांना दिसलं नाही एवढंच.

हे कळल्यावर दोन दिवस माझी पंचाईत झाली. औषधं टोचून आडवा पाडलेला, डोळे उघडे पण हलता येत नाही असा तो कोळी मला फारच ओळखीचा वाटायला लागला. मग विचार केला, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी हे त्या आतल्या अळीइतकं खरं कुणाचं असेल? आणि तिच्याखालोखाल माझंच. सकाळी नाचणीचं सत्त्व, दुपारी मऊ भात, संध्याकाळी उकडलेलं अंडं, सगळं जागेवर. अवधूताच्या गुरूंत अजगरही आहे, पडल्या जागी मिळेल ते खाणारा. कीर्तनात तेव्हा त्याचं मोठं हसू यायचं.

लोक येत होते त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येकासाठी थोडं बरं दिसावं लागतं, किंवा थोडं वाईट, आणि दोन्हींनी दमायला होतं. कुंभारणीनं मला काहीच विचारलं नाही. मी त्या खोलीत आहे हे तिला माहीत होतं की नाही, शंकाच आहे. तिच्याकडे बघताना तासभर पाठ आठवायची नाही. आरतीचा आवाज आला की कळायचं, अरे, संध्याकाळ झाली.

चौथी खोली लिंपून झाली तशी ती सगळ्यावर मातीचा एक जाड थर चढवून निघून गेली. पुन्हा आली नाही. चौकटीला नुसता एक करडा गोळा राहिला. नवरात्र गेलं, दिवाळी आली. मी रोज त्या गोळ्याकडे बघायचे, दुधावर लक्ष ठेवावं तशी. आणि दुधाचंच झालं. दिवाळीनंतर मला तपासणीला मिरजेला नेलं, सगळा दिवस तिकडेच गेला. परत येऊन पडले तर गोळ्याला दोन भोकं. आठवडाभरात आणखी एक दिसलं. बाहेर पडताना एकीलाही मी पाहिलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी फिजिओथेरपिस्टनं पट्टा आवळून मला उभं केलं. भिंती फिरल्या, मग थांबल्या. नऊ फुटांवर खिडकी होती. लेकाच्या खांद्याला धरून तिथवर जायला मला दीड मिनिट लागलं. त्यानं घड्याळ लावलं होतं आणि मुंगीचा हिशोबही पाठ होता. ‘आई, मुंगी जवळपास बरोबरीत,’ तो म्हणाला.

खिडकीशी पोचल्यावर मी आधी बाहेर बघेन असं सगळ्यांना वाटलं होतं. मी चौकटीचा कोपरा पाहिला, पडद्याची दांडी जरा बाजूला करून. पलंगावरून चार खोल्या मोजल्या होत्या. भोकं पाच होती.