घाटात रोज धावणाऱ्या गाडीचे ब्रेक पॅड

ऑक्टोबरमधला शनिवार होता. शाळा अर्धा दिवसच होती, आणि आम्ही चौघी शिक्षिका माझ्या वॅगनआरने पाचगणीहून वाईला उतरत होतो. पुढे मालाचा टेम्पो, त्याच्यापुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि पाय जवळजवळ सतत ब्रेकवर. एका वळणाआधी ब्रेक दाबला, पेडल घट्ट लागलं, पण गाडी हळू होईना. पूर्ण जोर लावला तेव्हा कुठे टेम्पोच्या दोन हात मागे थांबली. गाडीत जळक्या चिंध्यांसारखा वास भरला. शेजारी बसलेल्या, संगीत शिकवणाऱ्या बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की संध्याकाळपर्यंत वळ राहिले.

पहिल्या गिअरवर हळूहळू पसरणी घाटातल्या बुवासाहेब मंदिरापर्यंत आलो आणि तिथे अर्धा तास थांबलो. पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेला तर वीतभर लांबूनच धग लागत होती. उजव्या चाकाची धग मात्र बरीच कमी होती. हा फरक लक्षात ठेवला, म्हणून पुढचं सगळं नीट झालं.

मी भौतिकशास्त्र शिकवते. घरी आल्यावर वहीत गणित मांडलं. गाडी आणि आम्ही चौघी मिळून सुमारे 1,100 किलो. पाचगणी ते वाई उतार साडेपाचशे मीटर तरी आहे. म्हणजे प्रत्येक फेरीत जवळपास 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. एवढ्या ऊर्जेत साध्या तापमानाचं सतरा-अठरा लिटर पाणी उकळीला येईल. त्यातला काही वाटा हवा, टायर आणि इंजिन घेतात. उरलेला सगळा ब्रेकवर येतो, आणि उतारावर गाडीचा भार पुढे झुकत असल्याने पुढच्या डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीवर, जास्त. तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे, तळहातापेक्षा लहान चार पॅड हे रोज सोसतात. वर्षभरापूर्वी ते पॅड निवडताना मी फक्त किंमत बघितली होती. पाचशेच्या आत मिळतात म्हटल्यावर "टाका" म्हणून मोकळी झाले होते. त्यांच्यावर कंपनीचं नाव नव्हतं, आकडे-अक्षरंही नव्हती.

पेडल घट्ट होतं, हेही महत्त्वाचं. ब्रेक ऑइल उकळलं असतं तर त्यात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल मऊ पडलं असतं, खाली गेलं असतं. पेडल घट्ट आणि गाडी मात्र थांबत नाही, याचा अर्थ पॅडचं घर्षणच कमी झालं. पॅडमधले घटक राळेने एकत्र बांधलेले असतात. प्रमाणाबाहेर तापलं की ती राळ जळते, वायू सुटतो आणि पॅडची पकड जाते. तो चिंध्यांचा वास त्याचाच होता.

सोमवारी रजा टाकली आणि प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर घेऊन ओळखीच्या मेकॅनिककडे गेले. चाकं काढली. उजवीकडे आतला पॅड 4.6 मिलीमीटर, बाहेरचा 4.9. ठीक. डावीकडे बाहेरचा 5.4 आणि आतला 2.1! एकाच चाकातल्या दोन पॅडमध्ये एवढी तफावत. मेकॅनिकदादांनी ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड धरून ते डिस्कवर दाबणारा भाग, हाताने हलवून पाहिला आणि मान हलवली.

"मॅडम, नुसतं पॅड बदलून भागायचं न्हाई. पिन जाम हाय. नवं टाकलं तरी हीच गत व्हणार."

हा कॅलिपर ज्या दोन गाईड पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यातल्या खालच्या पिनेचं रबर फाटलं होतं. घाटातला पाऊस आत जाऊन पीन गंजली होती. त्यामुळे ब्रेक सोडला तरी आतला पॅड डिस्कला घासत राहायचा. रोजच्या घासण्याने तो तापत होता, झिजत होता, आणि त्या दिवशी त्याने हात टेकले. स्वस्त पॅड हे अर्धं कारण, जाम पीन हे उरलेलं अर्धं. वर्षापूर्वी पॅड बदलले त्या गॅरेजमध्ये पिना साफ केल्याच नव्हत्या, आणि मीही विचारलं नव्हतं. म्हणून घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते: जुने पॅड फेकू देऊ नका. ते मागून घ्या, चारही शेजारी शेजारी ठेवा आणि झीज बघा. दुखणं कुठे आहे ते तिथे दिसतं.

नवे पॅड घ्यायला पुण्यात नाना पेठेत गेले. वाईतही मिळाले असते, पण मला चार-पाच प्रकार समोर ठेवून बघायचे होते. दुकानदारांनी गाडीचं साल आणि इंजिन विचारलं, मग मी नेलेला जुना पॅड हातात घेऊन आकार जुळवला. काउंटरवर टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश अशा नावांचे डबे मांडले गेले, शिवाय मारुतीचा स्वतःचा डबा. त्यांच्या शेजारी एक बिननावाचा, माझ्या आधीच्या पॅडसारखाच.

प्रकार ढोबळमानाने तीन. ऑरगॅनिक पॅड मऊ असतात, आवाज करत नाहीत, डिस्क कमी खातात, पण फार तापले की पकड सोडतात. सेमी-मेटॅलिकमध्ये धातूचा कीस आणि तंतू भरपूर असतात. ते उष्णता चांगली सोसतात, मात्र आवाज जास्त, डिस्कची झीज जास्त आणि रिमवर काळी भुकटी बसते. सिरॅमिक शांत आणि स्वच्छ, पण महाग. मेकॅनिकदादांचा कल धातूवाल्या पॅडकडे होता, आणि घाटाचा विचार करता तो चूक नव्हता.

निर्णय मात्र पॅडच्या कडेवर छापलेल्या दोन इंग्रजी अक्षरांनी सोपा केला. कंपनीच्या आणि मिश्रणाच्या सांकेतिक आकड्यांनंतर शेवटी ही अक्षरं येतात. पहिलं अक्षर साधारण 100 ते 200 अंश सेल्सिअसमधलं घर्षण सांगतं, दुसरं त्याहून तापलेल्या, 340 अंशांच्या आसपासपर्यंतच्या पॅडचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. ही काही गुणवत्तेची श्रेणी नाही. जी असला म्हणून पॅड टिकाऊ ठरत नाही. पण घाट उतरणाऱ्या माणसाला दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं नको, एवढं मला त्यातून कळलं. गरम झाल्यावर पकड ढळू नये, हीच तर माझी गरज.

मी सिरॅमिक घेतले नाहीत. तिप्पट किंमत मोजून मिळणारी शांतता मला नको होती. चेन्नईच्या एका जुन्या ब्रेक कंपनीचे, माझ्या मॉडेलसाठीचे, एफ-एफ छापलेले पॅड निवडले. सोळाशे रुपये. डब्यात पाठीमागच्या शिम पत्र्या आणि क्लिपा होत्या, डब्यावर ॲस्बेस्टॉस नसल्याचं लिहिलं होतं. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोग होऊ शकतो, आणि बिननावाच्या पॅडमध्ये ते नाही याची हमी द्यायला कुणी नसतं. त्यामुळे जुनी भुकटी हवेच्या प्रेशरने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, असंही मी दादांना विनवलं. त्यांनी ऐकलं.

पॅड बसवताना दोन्ही बाजूंच्या पिना काढून घासल्या, नवी रबरं घातली आणि रबराला चालणारं ब्रेकचंच ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजली तर डिस्क त्याहून जाड निघाली, म्हणून बदलायची वेळ आली नाही. ब्रेक ऑइल मात्र बदललं. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 3 प्रतीचं ऑइल नवं असताना निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत उतरते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. पाचगणीचा पावसाळा काढलेल्या गाडीसाठी डॉट 4 घेतलं. गाडी हलवण्याआधी दादांनी पेडल दहा-बारा वेळा दाबून घट्ट करून घेतलं. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन, म्हणजे पॅड दाबणारा दट्ट्या, मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्या काही दाबांत ब्रेक लागतच नाही, हे विसरून गाडी बाहेर काढू नये.

नवे पॅड लगेच घाटात न्यायचे नसतात. रविवारी पहाटे सुरूरच्या मोकळ्या रस्त्यावर गेले. ताशी 50 वरून 10 पर्यंत सावकाश ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग थोडं अंतर चालवून पुन्हा. असं दहा वेळा केलं. सुरुवातीला पेडलखाली खरखर जाणवत होती, सहाव्या-सातव्या वेळी ती मिटली. मग ब्रेक न वापरता दहा मिनिटं गाडी चालवून डिस्क थंड होऊ दिली.

सोमवारी परत चौघी निघालो. आता मी घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरते. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक वळणाआधी थोडा वेळ आणि नीट दाबते, बाकी पाय बाजूला. पायथ्याशी गाडी उभी केली आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ आलटून पालटून हात नेला. दोन्ही कोमट होती, सारखीच.

संगीताच्या बाईंनीही हात नेऊन पाहिला.

"आता दोन्ही सुरांत आहेत," त्या म्हणाल्या, आणि आम्ही वाईच्या दिशेने निघालो.