विमान रद्द, भरपाई अडली: ‘दोन तास’ नेमके कोणते?

मुंबई-दिल्ली सरळ हवाई अंतर साधारण १,१४० किलोमीटर. ताशी ८३० च्या वेगाने भागलं तर एक तास बावीस मिनिटं येतात. हवेत प्रत्यक्ष पावणेदोन तासांच्या आसपास जातात. तिकिटावर मात्र सव्वादोन तास असतात. रद्द झालेल्या माझ्या विमानाच्या भरपाईसाठी हा तिसरा आकडाच धरायचा, एवढं विमान कंपनीच्या गळी उतरवायला मला सात आठवडे लागले.

डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमानुसार २४ तास आधी न कळवता विमान रद्द झालं, तर तिकिटाच्या परताव्याशिवाय भरपाईही मिळते. ब्लॉक टाइम (विमान जागेवरून हलण्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ) एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यावर १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार. यातली कमी असेल ती रक्कम. माझे भाडं आणि इंधन आकार मिळून ९,४०० होते, म्हणून दोन तासांची रेघ महत्त्वाची. तुमचे साडेचार हजार असतील तर या वादात पडूच नका, कुठल्याही हिशेबाने तेवढेच मिळतील.

परतावा आठवड्यात आला. पुढे प्रत्येक ईमेलला एकच उत्तर: ‘मॅडम, फ्लाइट टाइम एक तास पन्नास मिनिटं आहे.’ अहो, पण नियमात ब्लॉक टाइम आहे! विमान पार्किंगमधून हललं तिथपासून दुसरीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्या एकाच वेळी पूर्ण क्षमतेने चालत नाहीत, त्यामुळे उड्डाणाआधी रांग लागते. दिल्लीत उतरल्यावरही टर्मिनलपर्यंत बरंच चालत जावं लागतं विमानाला. हे सगळं धरूनच कंपनी वेळापत्रक आखते. मग भरपाई द्यायच्या वेळी तीच मिनिटं वगळायची, हे मला आजही पटत नाही.

किलोमीटरचा हिशेब पाठवू नका. अंतरावर भरपाई ठरते ती युरोपात, आपल्याकडे वेळेवर. शेवटी तिकिटाचं पान जोडलं, सुटण्याची ०६:१० आणि पोहोचण्याची ०८:२५ या वेळांभोवती लाल चौकट केली, खाली वजाबाकी लिहिली: २ तास १५ मिनिटं. तेच एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर पीएनआरसह टाकलं. दहाव्या दिवशी ९,४०० जमा झाले. फार बरं वाटलं.

ही वजाबाकी देशातल्या देशातच चालते. दुबईच्या तिकिटावर पोहोचण्याची वेळ तिथली असते, आपल्यापेक्षा दीड तास मागे. जाताना तो दीड तास मिळवा.

रद्द होण्याचं कारण लेखी मागा. हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचं कारण असेल तर भरपाई नाही. रद्द झाल्याचा मेसेज वेळेसकट स्क्रीनशॉट करून ठेवा. माझा पहाटे ३.४० ला, टॅक्सी ठाण्यात माजिवड्याला असताना आला होता. ठाणेकरांना आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, तेव्हा तक्रारीत निघण्याचा विमानतळ तपासून निवडा. आणि तिकीट एजंटकडून काढलं असेल तर त्यावर त्याचा नव्हे, तुमचा मोबाइल नंबर हवा. संपर्क दिलेला नसेल तर कंपनी भरपाई नाकारू शकते.