ओव्हनचा ‘एफ ३’ आणि एक काळवंडलेली पिन

दिवाळीच्या आठवडाभर आधी, नानकटाईचा पहिलाच ट्रे आत असताना, आमच्या इलेक्ट्रिक ओव्हनवर ‘एफ ३’ ही अक्षरे झळकली आणि तो बंद पडला. एमसीबी पाडून काही वेळाने चढवला की तो सुरू होई. पण वीस-पंचवीस मिनिटांनी, तापमान १८० अंशांजवळ गेले की, तोच कोड पुन्हा येई. मॅन्युअलमध्ये ‘तापमान सेन्सरमध्ये बिघाड’ एवढाच अर्थ दिलेला होता. (हे कोड कंपनीगणिक बदलतात, म्हणून आपल्याच मॉडेलचे मॅन्युअल पाहावे.)

तंत्रज्ञांनी सेन्सर बदलला. चार दिवस ओव्हन नीट चालला, मग कोड परत आला आणि कंट्रोल बोर्ड बदलण्यासाठी नऊ हजारांचा खर्च सांगण्यात आला. मला ते पटेना. बोर्डच बिघडला असता, तर कोड नेमका ओव्हन तापल्यावरच का यावा?

रविवारी एमसीबी बंद करून, ओव्हन पूर्ण गार झाल्यावर, भावाच्या मदतीने तो कपाटातून ओढून काढला आणि मागचा पत्रा उघडला. आमचा सेन्सर पीटी १००० प्रकारचा आहे. शून्य अंशाला त्याचा रोध १,००० ओहम असतो आणि पुढे दर अंशाला तो साधारण ३.८५ ओहमने वाढतो, म्हणजे २५ अंशांना तो १,०९७च्या आसपास हवा. सेन्सरच्या टोकांना मल्टिमीटर लावला तेव्हा १,१०१ दिसले आणि आकडा स्थिर राहिला. मग बोर्डाकडचा प्लग काढून तिथून मोजले. आकडा तोच आला. पण सेन्सरजवळच्या जोडाची वायर बोटाने जराशी हलवताच मीटरवर ‘ओएल’ उमटले, म्हणजे सर्किट तुटलेले.

दोष वायरिंगच्या बाजूच्या सॉकेटमध्ये होता. आतली एक पिन उष्णतेने काळवंडून सैल झाली होती आणि तापल्यावर संपर्क सुटला की बोर्डाला सेन्सरच तुटल्यासारखा भासत होता. नवा सेन्सर बसवताना प्लग घट्ट दाबला गेला, त्यामुळेच ते चार दिवस बरे गेले असावेत.

जुने सॉकेट कापून वायरी सिरॅमिक कनेक्टरने जोडल्या आणि वरून काचतंतूची नळी चढवली. साधी इन्सुलेशन टेप तिथल्या उष्णतेत टिकत नाही. नंतर ओव्हन २२० अंशांवर दीड तास चालवून पाहिला, पण कोड आला नाही. बोर्ड अजूनही जुनाच आहे.