आता पुढचा पॉइंट कुठला?

मराठी माणूस फिरायला जातो म्हणजे पॉइंट बघायला जातो. महाबळेश्वरला गेलं की आर्थर सीट, केट्स पॉइंट, मग सूर्यास्ताला बॉम्बे पॉइंट, टॅक्सीवाल्याकडे तयार यादीच असते आणि एखादा पॉइंट राहिला तर घरी येईपर्यंत चुटपुट लागते. अशा संस्कारात वाढलेल्या माझ्या बाबांना घेऊन आम्ही डिसेंबरच्या सुट्टीत की-कॉकरला गेलो. बेलीझ देशातलं कॅरिबियन समुद्रातलं एक चिमुकलं बेट, जेमतेम 8 किलोमीटर लांब, आणि रुंदी एवढीशी की गावात पूर्वेच्या किनाऱ्यावर चहा ओतून घेतला तर पश्चिमेच्या किनाऱ्यावर पोचेपर्यंत तो संपतही नाही. आम्ही ह्यूस्टनला राहतो, तिथून विमानाने बेलीझ सिटी, मग तीसेक किलोमीटर बोटीने. बाबा सहा महिन्यांसाठी आले होते, म्हटलं थंडीत घरात कोंडून काय ठेवायचं.

कॅरिबियन म्हटल्यावर बाबा आधी खूश झाले, कारण त्यांच्या डोक्यात कॅरिबियन म्हणजे 1971, गावसकर, चार टेस्टमध्ये 774 रन्स. बेलीझ वेस्ट इंडिजच्या टीममध्ये येतच नाही हे कळल्यावर चेहरा पडला. मग दुसरा प्रश्न, "तिथे बघण्यासारखं काय आहे?"

आता काय सांगायचं. गावात गाड्या नाहीत, गोल्फ कार्ट आणि सायकली. रस्ते वाळूचे, मुख्य तीनच, आणि लोक त्यांना फ्रंट स्ट्रीट, मिडल स्ट्रीट, बॅक स्ट्रीट म्हणतात, म्हणजे पुढची, मधली आणि मागची आळी, विषय संपला. भिंतींवर, पाट्यांवर, टी-शर्टवर सगळीकडे 'गो स्लो' लिहिलेलं. नवरा पहिल्याच दिवशी तिन्ही आळ्या फिरून आला, सायकलवर, अकराच्या आत. बाबा म्हणाले, "झालं? आता पुढचा पॉइंट कुठला?"

आणि गंमत म्हणजे बीच आयलंड म्हणून आलो तर मैलभर पसरलेला बीच असा इथे नाहीच हो! वाळूच्या छोट्या पट्ट्या, बाकी किनारा समुद्री गवताचा आणि खारफुटीचा. लोक पोहतात ते लाकडी धक्क्यावरून पाण्यात उतरून. लाटाही नाहीत, कारण पूर्वेला थोड्याच अंतरावर प्रवाळाची रीफ आहे, मोठी लाट तिथेच फुटते, धक्क्यावरून बघितलं तर लांब एक पांढरी रेघ दिसत राहते आणि अलीकडे पाणी तळ्यासारखं. त्यात ते सरगॅसम. 2011 पासून हे तपकिरी शेवाळ ढिगाने वाहून कॅरिबियनच्या किनाऱ्यांना लागायला लागलंय, सडलं की कुजक्या अंड्याचा वास. आमच्या वेळी फार नव्हतं, पण उन्हाळ्यात जाणार असाल तर आधी चौकशी करा, ब्रोशरमधल्या फोटोंवर जाऊ नका.

पॉइंट म्हणावा असा एक आहे, द स्प्लिट. 1961 च्या ऑक्टोबरच्या शेवटी हॅटी नावाचं वादळ आलं आणि बेटाचे दोन तुकडे झाले, पुढे लोकांनी बोटी जाव्यात म्हणून ती फट खणून आणखी मोठी केली. त्याच वादळाने बेलीझ सिटीची इतकी वाताहत केली की शेवटी राजधानीच आत बेलमोपानला हलवली. आता त्या फटीच्या काठावर लोक बिअर घेऊन पाण्यात पाय सोडून बसतात. पाण्याला ओढ आहे चांगली, बोटीही जातात मधून, त्यामुळे पोहता येतं म्हणून कुणी दुसऱ्या काठाकडे सुटू नये. बाबांनी काठावर उभं राहून सगळं नीट ऐकलं, फोटो काढला, आणि वळून म्हणाले, "चला."

स्नॉर्कलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं बघणं, ते मात्र कराच. इथली रीफ म्हणजे किनाऱ्याला समांतर जवळजवळ 300 किलोमीटर, 1996 पासून जागतिक वारशात. मध्ये ती धोक्यातल्या यादीत गेली होती, मग बेलीझने समुद्रातलं तेल शोधणं कायद्याने थांबवलं आणि 2018 ला ती त्या यादीतून बाहेर आली. इतक्या लहान देशाने तेलावर पाणी सोडलं याचं मला फार कौतुक वाटतं. तर होल चान नावाच्या राखीव भागात बोट नेतात, मास्कच्या काचेवर थुंकायचं म्हणजे धुकं धरत नाही, आणि उडी मारायची. जवळच शार्क रे अ‍ॅली. पूर्वी कोळी परत येताना इथे मासे साफ करायचे, टाकलेल्या आतड्यांसाठी नर्स शार्क आणि पाकट यायला लागले आणि त्यांना सवयच लागली, आता इंजिनचा आवाज आला की हजर. माझ्या खालून एक नर्स शार्क गेला, माझ्याहून लांब, तपकिरी, ओठाजवळ दोन छोट्या मिशा, आणि नजर अशी की आपल्याशी त्याचा काही संबंध नाही. काही शार्कना श्वासासाठी पोहत राहावं लागतं, हा मात्र तळाशी पडल्या पडल्या कल्ल्यांवरून पाणी खेचतो आणि दिवसभर लोळतो. बेटाला शोभणारा प्राणी. अजूनही काही गाइड त्यांना खायला टाकतात ते मला पटलं नाही, पण ते टाकतात म्हणूनच तर मला दिसला, तेव्हा मी कुठल्या तोंडाने बोलू.

ब्लू होलला, म्हणजे समुद्रातल्या त्या प्रचंड गोल खड्ड्याला, मात्र आम्ही गेलो नाही. साधारण 300 मीटर रुंद, सव्वाशे मीटर खोल, हिमयुगात कोरडी असलेली चुनखडीची गुहा कोसळून बुडाली आणि ते झालं, 1971 ला कूस्टो हा फ्रेंच समुद्रसंशोधक तिथे बोट घेऊन गेला आणि जगभर नाव झालं. पण तो निळा गोल दिसतो तो विमानातून. बोटीने पूर्ण दिवस खर्च करून तिथे पोचलात आणि डायव्हिंग येत नसेल तर तुम्ही फक्त कडेला तरंगणार. बाबांना हे अजिबात आवडलं नाही. जगप्रसिद्ध पॉइंट आणि सोडायचा म्हणजे काय!

पण मग त्यांना टार्पन सापडले. पश्चिमेच्या बाजूला एका धक्क्याखाली हे चांदीसारखे भलेमोठे मासे घुटमळत असतात, तळहाताएवढे खवले, खालचा जबडा पुढे आलेला. थोडे पैसे देऊन छोटे मासे घ्यायचे, एक शेपटीला धरून पाण्याच्या हातभर वर लटकवायचा आणि थांबायचं. काहीच होत नाही, काहीच होत नाही, आणि मग एकदम पाणी फुटतं, बादलीएवढं तोंड वर येतं आणि मासा गायब. दात बारीक, कानशीसारखे, हाताला घासून गेले तर खरचटतं एवढंच. बाबांनी पहिल्यांदा मासा सोडून चक्क मागे उडी मारली. नंतर रोज चार वाजले की स्वतःहून चप्पल घालून तयार, आणि नवीन आलेल्या टूरिस्टांना हात कसा धरायचा ते शिकवायला लागले, तेही बँकेतल्या ज्युनियरला शिकवायचे त्याच सुरात.

तिथेच एका म्हाताऱ्या कोळ्याशी त्यांची गट्टी जमली. देश 1981 पर्यंत ब्रिटिशांकडे, त्यामुळे इंग्रजी बहुतेकांना येतं, आपसात क्रिओल, म्हणजे इंग्रजीतून झालेली तिथली बोली, बोलतात ते आपल्याला निम्मंच कळतं. मार्च ते जून लॉब्स्टर पकडायला बंदी असते असं तो म्हणाला तर बाबांनी त्याला आपल्याकडची जून-जुलैची मासेमारीबंदी, नारळी पौर्णिमा वगैरे सगळं सांगितलं. त्याने किती समजून घेतलं देव जाणे, पण मान डोलावत होता.

त्या रात्री रस्त्याकडेच्या शेगडीवर भाजलेला लॉब्स्टर, नारळाच्या दुधातला राजमा-भात आणि हबानेरो मिरचीचा सॉस असं जेवलो. जेवता जेवता बाबांनी हळूच विचारलं, "अगं, हा पाटीवरचा भाव अमेरिकन डॉलरात आहे का?" म्हटलं नाही बाबा, बेलीझचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, कायमचा ठरलेला हिशोब, म्हणजे तुम्ही समजताय त्याच्या निम्मं. त्यांनी जरा विचार केला, चष्मा पुसला, आणि शेगडीवाल्याला बोट वर करून आणखी एक लॉब्स्टर सांगितला.