डावखुऱ्याचा धावदोरा

आमच्या घरात मूल आठ वर्षांचे झाले की त्याच्या हाती सुई दिली जाते. माझ्या हाती ती कराडजवळच्या आजोळी, मे महिन्याच्या सुटीत, वाकळ शिवायला घेतली असताना आली. गोधडीला तिकडे वाकळ म्हणतात. या वर्षी माझ्या मुलाची पाळी होती, आणि निमित्तही चांगले मिळाले. धाकट्या बहिणीला बाळ होणार होते आणि त्याच्यासाठी दुपटे हवे होते. तान्ह्या बाळाच्या अंगाला कोरे कापड लावायचे नाही, धुऊन धुऊन मऊ पडलेले जुने सुतीच लावायचे, हा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळे कापडाचा प्रश्न नव्हता. माझ्या आजीचे एक लुगडे ट्रंकेत होते, आणि नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. विरलेला भाग सोडूनही तीन थरांचे दुपटे सहज निघाले.

लहान मुलांसाठी खोक्यात मिळणारे शिवणकामाचे संच मी आधी आणून पाहिले होते. प्लॅस्टिकची बोथट सुई, जाड कापड आणि त्याला आधीच पाडलेली भोके. त्यात मूल दोरा ओढायला शिकते, शिवायला नाही, कारण सुई कापडात शिरताना बोटांना जो अडथळा जाणवतो तोच त्यात नसतो. त्यापेक्षा मोठ्या नेढ्याची साधी सुई बरी. फक्त ती विकत घेताना एक लक्षात ठेवावे लागते: हाताच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, आणि मशीनच्या सुईचा हिशेब बरोबर उलटा. मी स्वतः घाईत एकदा दहा नंबरची आणली होती. तिच्या नेढ्यात दोरा ओवता ओवता मलाच चष्मा काढून पुसावा लागला.

शिकवायची सुरुवात धावदोऱ्यापासून. सुई खाली, सुई वर, एवढेच. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी आणि आपली गोधडी, या साऱ्यांचा मुख्य आधार हाच एक टाका आहे, तेव्हा मुलाला तो पहिल्या दिवशी यावा यात नवल नाही. पण आमच्या चिरंजीवांना तो तीन दिवस आला नाही. मी शेजारी बसून दाखवत होते, तो पाहत होता, आणि तरीही त्याचा दोरा दर दोन टाक्यांनी सुईभोवती गुंडाळला जात होता. तिसऱ्या दिवशी त्याने दुपटे भिरकावले. कोथिंबीर निवडत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, “शेजारी काय बसतीस? पोरगं डावखुरं हाय. समोर बस की!”

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. उजव्या हाताचा माणूस उजवीकडून डावीकडे शिवत जातो, डावखुरा डावीकडून उजवीकडे. शेजारी बसून मी त्याला सगळे उलटे दाखवत होते आणि तो बिचारा ते मनात फिरवून पाहत होता. समोर बसल्यावर मी त्याचा आरसा झाले; माझा उजवा हात त्याच्या डाव्या हातासमोर आला, आणि दोघांची सुई एकाच दिशेने सरकू लागली. अर्ध्या तासात त्याची पहिली ओळ पुरी झाली. वाकडी होती, पण त्याची होती.

मग आईने बारकावे स्वतःच हाती घेतले. दोरा हातभरच घ्यायचा, कारण लांब दोऱ्याने काम लवकर होत नाही, गुंता मात्र होतो. थर आधी कच्च्या टाक्यांनी जोडून घ्यायचे, नाहीतर खालचे कापड सरकून चुण्या पडतात. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवायची, बाळाच्या अंगाला ती टोचता कामा नये. आणि उठण्यापूर्वी सुया मोजायच्या. तीन काढल्या होत्या, तर तीनच परत सुयांच्या छोट्या गादीत टोचलेल्या दिसल्या पाहिजेत. दिवेलागणीनंतर कोणाला सुई देऊ नये असे जुनी माणसे सांगत. अपशकुनाचे मला माहीत नाही, पण कंदिलाच्या उजेडात पडलेली सुई शोधणे किती कठीण गेले असेल, ते दुपट्याच्या बाबतीत नीट कळते.

आमच्या घरी मुलाची पहिली ओळ उसवत नाहीत. पुढची हवी तितकी उसवावी, ती नाही. म्हणून आजोळहून आणलेल्या वाकळीत माझीही एक ओळ अजून आहे, उजव्या कोपऱ्यात, हिरव्या दोऱ्याची. दुपटे झाल्यावर मी ती कौतुकाने मुलाला दाखवली. तो खाली वाकला, अंगठा टेकवून त्याच्या लांबीत किती टाके बसतात ते त्याने मोजले, मग आपल्या दुपट्यावर तसेच मोजले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, “आजी, आईचे चारच बसतात, माझे सहा!”