टाकी नसलेल्या गाडीचा हिशेब

विजेची गाडी घेण्याआधी मी विक्रेत्याला, ओळखीच्या गाडीमालकांना आणि अखेरीस स्वतःलाही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होतो: एकदा चार्ज केली की किती किलोमीटर जाते? आज दोन वर्षांनंतर त्या प्रश्नाचे उत्तर मला क्वचितच आठवावे लागते. जो प्रश्न मी कोणालाही विचारला नाही, त्याच्या उत्तरावर मात्र या गाडीबरोबरचा माझा प्रत्येक दिवस अवलंबून आहे. रात्री ही गाडी कोठे उभी राहणार, आणि ती जिथे उभी राहील तिथपर्यंत वीज पोहोचते का, हा तो प्रश्न.

पेट्रोलच्या गाडीत इंधन भरणे हे एक स्वतंत्र काम असते. काटा खाली आला की आपण वाट वाकडी करून पंपावर जातो, पाच मिनिटांत टाकी भरून घेतो आणि पुढचे कित्येक दिवस तो विषय विसरून जातो. ही सवय माझ्या इतकी अंगवळणी पडली होती की पहिला महिनाभर मी बॅटरी १५ टक्क्यांवर येण्याची वाट पाहत असे आणि मग ती शंभरापर्यंत भरून घेत असे. प्रत्यक्षात कोणतीही गाडी दिवसाचे बहुतेक तास नुसती उभीच असते, आणि विजेची गाडी त्याच वेळात, आपले लक्षही नसताना, हळूहळू भरत राहते. ज्याच्या हक्काच्या जागेत एक साधा पण भरवशाचा प्लग आहे, त्याला मध्यम आकाराची बॅटरी सहज पुरते. ज्याला प्रत्येक वेळी सार्वजनिक चार्जिंगवर विसंबावे लागते, त्याला मोठी बॅटरीसुद्धा डोकेदुखी वाटू शकते. म्हणून राहत्या किंवा कामाच्या जागी चार्जिंगची सोय नसेल आणि नजीकच्या काळात होण्याची चिन्हेही नसतील, तर तूर्त थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी कितीही आवडली असली तरी.

दुसरी गोष्ट साध्या अंकगणिताची आहे आणि ती मला पहिल्याच दिवशी कोणी समजावली असती तर पुढचे बरेच गोंधळ टळले असते. बॅटरीत किती वीज मावते ते किलोवॅट-तासांत, म्हणजे आपल्या बिलावरच्या युनिटांत मोजतात. ती किती वेगाने भरते ते किलोवॅटमध्ये मोजतात. माझ्या गाडीची बॅटरी ६० युनिटांची आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, हे कळले तेव्हा मी कागदावर भागाकार करून पाहिला आणि चकित झालो, कारण माझी ही अवाढव्य, काही शे किलो वजनाची बॅटरी म्हणजे सात लिटरांहूनही कमी पेट्रोल होते. एवढ्याशा ऊर्जेवर गाडी तीनशे-साडेतीनशे किलोमीटर जाते, ती मोटर फारच थोडी ऊर्जा वाया घालवते म्हणून. पेट्रोलचे इंजिन निम्म्याहून कितीतरी अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून देते, त्यामुळे चालकाने वेग वाढवला, हीटर लावला किंवा टपावर सामान बांधले तरी त्या मोठ्या नासाडीत ही वाढ फारशी जाणवत नाही. विजेच्या गाडीत मुळातच नासाडी कमी असल्यामुळे असा प्रत्येक खर्च लगेच उठून दिसतो.

रेंजचे, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणाऱ्या अंतराचे, सगळे कोडे येथेच सुटते. माहितीपत्रकातला आकडा खोटा नसतो, पण तो प्रयोगशाळेतल्या ठरावीक चक्राचा असतो. उदाहरणार्थ, २०१७पासून युरोपात लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चाचणीचे चक्र सुमारे २३ किलोमीटरांचे आणि अर्ध्या तासाचे असते, आणि त्यातला सरासरी वेग ताशी ४६-४७ किलोमीटर एवढाच पडतो. महामार्गावर कोणी असा चालत नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे ताशी ८० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेला कापण्यासाठी दर किलोमीटरला सव्वादोन पट ऊर्जा लागते. एकूण खर्च तेवढा वाढत नाही, कारण टायरांचे घर्षण आणि इतर गोष्टी बहुतांशी तशाच राहतात, पण फरक डोळ्यांत भरण्याइतका नक्कीच पडतो. पेट्रोलची गाडी शहरात जास्त आणि महामार्गावर कमी इंधन खाते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत; या गाडीत ते नेमके उलटे आहे.

पडद्यावर दिसणारा उरलेल्या किलोमीटरांचा आकडाही एक अंदाजच असतो, आणि तो गाडी आदल्या काही दिवसांत कशी चालवली यावरून बांधलेला असतो. माझ्या पहिल्या लांबच्या प्रवासाला निघताना पडद्यावर ३१० हा आकडा होता आणि मला १९० किलोमीटर जायचे होते. आठवडाभर मी शहरात सावकाश गाडी चालवत आलो होतो, हवा मात्र त्या पहाटे कडाक्याची थंड होती आणि रस्ता मोकळा होता. पहिल्या ६० किलोमीटरांत आकडा १०० हून अधिकने खाली आला. त्यानंतर मी हीटर बंद केला, हातमोजे घातले आणि एका मालवाहू ट्रकच्या मागे, पुरेसे अंतर राखून, उरलेला रस्ता निमूटपणे कापला. पोहोचलो तेव्हा ६ टक्के शिल्लक होते आणि मागच्या आसनावरच्या मंडळींनी बराच वेळ माझ्याशी बोलणे टाळले. आता मी किलोमीटरांऐवजी टक्के पडद्यावर ठेवतो आणि माझ्या गाडीला शंभर किलोमीटरांना कोणत्या वेगाने किती युनिट लागतात ते लक्षात ठेवतो. टक्क्यांचा आकडा निदान भविष्य सांगत असल्याचा आव तरी आणत नाही.

थंडीचे दुखणे दुहेरी असते. बॅटरीतल्या रासायनिक क्रिया मंदावतात हे एक, आणि इंजिनची फुकट उष्णता नसल्यामुळे आतली हवा तापवायला बॅटरीतलीच वीज खर्चावी लागते हे दुसरे. साधा विद्युत हीटर सुरुवातीला तीन-चार किलोवॅट सहज ओढतो; बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारा उष्णता पंप असलेल्या गाड्यांचे हेच काम बरेच कमी विजेत होते, म्हणून थंड हवेत राहणाऱ्याने गाडी निवडताना त्याची चौकशी अवश्य करावी. आणखी एक बाब मला उशिरा उमगली. हीटरचा खर्च तासावर मोजला जातो, किलोमीटरवर नाही, त्यामुळे त्याचा सर्वात मोठा फटका तुंबलेल्या रहदारीतल्या छोट्या फेऱ्यांना बसतो. गाडी प्लगला जोडलेली असतानाच आतली हवा तापवून किंवा गार करून घेतली तर हा खर्च बॅटरीवर पडत नाही, आणि आसनांचे हीटर असतील तर ते फारच थोड्या विजेत काम भागवतात.

चढाचा हिशेबही करून ठेवण्यासारखा आहे. १,८०० किलो वजनाची गाडी १,००० मीटर उंच चढवायला, नेहमीच्या खर्चाखेरीज, सुमारे ५ युनिट लागतात. उतरताना मोटर जनित्रासारखी चालते, गाडीचा वेग रोखून धरते आणि त्यातला बराच भाग परत मिळतो, मात्र बॅटरीत जागा असेल तरच. उंचावर मुक्काम करून, बॅटरी शंभर टक्के भरून सकाळी उतरायला लागलो की परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते, आणि पाय उचलताच गाडीला रोखणारा मोटरचा नेहमीचा ओढा एकाएकी नाहीसा झाल्याचे पहिल्याच वळणावर जाणवते. साधे ब्रेक अर्थातच शाबूत असतात, पण ज्या पायाला त्यांची सवय उरलेली नाही, त्याला तो क्षण मोठा वाटतो.

घरच्या चार्जिंगविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण माझी सर्वात महागडी चूक येथेच झाली. २३० व्होल्टच्या, १६ अँपिअरच्या सॉकेटमधून जास्तीत जास्त ३.७ किलोवॅट मिळतात आणि ३२ अँपिअरच्या स्वतंत्र जोडणीतून ७.४. गाडीबरोबर मिळालेली १० अँपिअरची वायर वापरली तर रिकामी बॅटरी पूर्ण भरायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो, आणि हे ऐकून नवा मालक घाबरतो. वास्तविक रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला जेमतेम ७ युनिट लागतात आणि ते त्या वायरीतूनही तीन-चार तासांत भरून निघतात. अडचण वेगाची नसून सातत्याची आहे. इस्त्री किंवा गिझर काही मिनिटे जोरात वीज ओढून थांबतात. गाडी मात्र तासन्‌तास तेवढाच भार ओढत राहते. मी पहिले काही आठवडे जुन्या सॉकेटवर आणि लांबलेल्या एक्स्टेंशनवर काम चालवले. एके रात्री जळका वास आला म्हणून खाली जाऊन पाहिले, तर प्लगची पिन तपकिरी झाली होती आणि सॉकेटचे तोंड वितळले होते. जाणकार वायरमनने मीटरपासून स्वतंत्र, जाड तारेची जोडणी काढून दिली, अर्थिंग तपासले, भार वाढला की वीज तोडणारा वेगळा एमसीबी आणि गळती ओळखणारा आरसीसीबी बसवला. हे काम गाडी येण्याआधी करून घ्यायचे असते, आणि गाडीच्या किमतीत ते आधीच धरायचे असते.

मीटरवर दिसणारी युनिटे आणि बॅटरीत पोहोचलेली युनिटे यांत फरक पडतो, म्हणून मीटर बिघडला असे समजू नये. घरातल्या एसी विजेचे बॅटरीला लागणाऱ्या डीसी विजेत रूपांतर होताना आणि चार्जिंग चालू असताना जाग्या राहणाऱ्या यंत्रणेवर मिळून १० ते १५ टक्के वीज सहज जाते. फार कमी अँपिअरवर चार्ज केले तर हे प्रमाण वाढते, कारण यंत्रणेचा ठरावीक खर्च अधिक तास चालू राहतो. घरी ११ किंवा २२ किलोवॅटचा मोठा चार्जर बसवण्याआधी गाडीतला चार्जर तेवढी वीज घेऊ शकतो का, हेही पाहावे. बऱ्याच गाड्या ७.४ किलोवॅटवरच थांबतात.

रस्त्यावरच्या जलद चार्जिंगमध्ये पाटीवर १५० किलोवॅट लिहिलेले असते, पण किती घ्यायचे हे गाडी ठरवते. माझी गाडी फार तर १०० किलोवॅट घेते, तेही बॅटरी बरीच रिकामी आणि पुरेशी उबदार असेल तेव्हा. त्याच चार्जरच्या दुसऱ्या गनला, म्हणजे चार्जिंगच्या दुसऱ्या वायरीला, आणखी एक गाडी लागली तर काही ठिकाणी वीज दोघांत वाटली जाते. भांडे काठोकाठ भरताना शेवटी नळाची धार बारीक करावी लागते, तसेच येथे होते. लिथियमच्या कणांना बॅटरीच्या ऋणाग्रातल्या, म्हणजे ऋण टोकातल्या, ग्रॅफाइटमध्ये जागा मिळेपर्यंत घाई केली, तर ते पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतात आणि बॅटरीची कायमची हानी होते, म्हणून गाडी स्वतःच वेग उतरवते. माझ्याकडे १० ते ८० टक्क्यांना जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच शेवटच्या २० टक्क्यांना लागतो. लांबच्या प्रवासात ८० टक्क्यांवर निघावे आणि एक थांबा अधिक घ्यावा, हे पेट्रोलच्या सवयीला पटायला वेळ लागतो. थांबा ठरवताना त्याच्या पुढचा दुसरा पर्यायही हाताशी ठेवावा, कारण बंद पडलेला चार्जर आणि त्यासमोर उभी असलेली रांग या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत. चार्जिंगचे तोंड गाडीच्या कोणत्या बाजूला आहे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून गाडी उलटी लावावी लागते, हे तिथे गेल्यावरच कळते.

रोज किती टक्के भरावी यावर मात्र सरसकट सल्ला देता येत नाही. निकेल असलेल्या बॅटऱ्या रोजच्या वापरात ८० टक्क्यांच्या आसपास ठेवणे हितावह असते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असल्यामुळे नेमकी किती वीज उरली हे ओळखणे गाडीला अवघड जाते, म्हणून अशा गाड्यांचे अनेक उत्पादक अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात. आपल्या गाडीत कोणती बॅटरी आहे ते पुस्तिकेत पाहावे, शेजाऱ्याला विचारू नये. बॅटरीच्या आयुष्याची मला वाटलेली धास्ती फोल ठरली. बहुतेक उत्पादक आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमतेची हमी देतात.

टायर मात्र लवकर झिजले. गाडीचे वजन अधिक आणि मोटरचा जोर पाय दाबताक्षणी चाकांवर येतो, त्यामुळे सिग्नलवरची हौस टायरांवर निघते. स्टेपनी नव्हती, फक्त हवा भरण्याचा पंप आणि पंक्चर बुजवण्याची बाटली होती, हे मला पंक्चर झाल्यावर समजले. ब्रेकचे उलट झाले: वापरच इतका कमी की पावसानंतर चकत्यांवर गंज धरला. आता मी मागे कोणी नाही असे पाहून आठवड्यातून एकदोनदा मुद्दाम जोरात ब्रेक लावतो.

आणि तरीही मला रस्त्यात, किंबहुना दारातच, अडकवले ते मोठ्या बॅटरीने नव्हे. एका सकाळी गाडी उघडेना. ॲपला उत्तर नाही, पडदा काळा, आणि आदल्या रात्रीच ८० टक्के भरलेली बॅटरी खाली स्वस्थ पडलेली. बंद पडली होती ती जुन्या गाड्यांत असते तशीच बारा व्होल्टची छोटी बॅटरी. दारे, संगणक आणि मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे संपर्क-स्विच तिच्यावरच चालतात. पेट्रोलच्या गाडीत ही बॅटरी थकली की स्टार्टर कुंथतो आणि आपल्याला आगाऊ कळते. येथे स्टार्टरच नसल्यामुळे ती गुपचूप संपते, त्यात मी दिवसातून दहा वेळा ॲप उघडून गाडीला जागे करत होतो. अर्ध्या युनिटाच्या बॅटरीने जवळजवळ ५० युनिटांना कोंडून ठेवले होते. मदतीला आलेल्या माणसाने रिमोटच्या आत दडवलेली धातूची किल्ली काढून दार उघडले आणि बाहेरून बारा व्होल्ट जोडताच पडदा उजळला. ओढून न्यायची वेळ आलीच तर चारही चाके वर उचलून न्या, मोटरला जोडलेली चाके जमिनीवर ठेवली तर मोटर फिरून वीज तयार करते, असेही तो जाताजाता सांगून गेला. त्या रिमोटमध्ये किल्ली आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.